डॉ. शिरोडकर आणि पिशवीचा टाका

नांदेड किंवा लातूरच्या सरकारी रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना विचारले, तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. दिवस भरले नव्हते, बाळ काचेच्या पेटीत ठेवले आहे. आत नऊशे-हजार ग्रॅमचा तो जीव वॉर्मरखाली असतो. नाकाला श्वासासाठी सी-पॅपची नळी, पायाला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, पोटात आईचे दूध थेंबाथेंबाने सोडणारी बारीक नळी. डॉक्टर, परिचारिका, आजी, वडील, सगळ्यांचे लक्ष त्या बाळाकडे लागलेले असते.

आई मात्र प्रसूतिपश्चात कक्षात पडून असते. काही आयांच्या केसपेपरवर एक ओळ सापडते. यापूर्वीही दोन-तीन वेळा पाचव्या-सहाव्या महिन्यात असेच झाले होते. घाईगडबडीत ती ओळ बऱ्याचदा तशीच राहते. तिचा अर्थ लावून त्यावर उपाय शोधणारा डॉक्टर आपल्याच भागातला होता. त्यांचे नाव डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. जगभरच्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत आजही त्यांच्या नावाची शस्त्रक्रिया शिकवली जाते.

शिरोडकरांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा गावात झाला. आडनाव गावावरूनच आलेले. त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. शालेय शिक्षण हुबळीत झाले आणि पुढे ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. १८४५ साली सुरू झालेले हे महाविद्यालय जे. जे. रुग्णालयाला जोडलेले होते. तिथून १९२३ मध्ये ते एमबीबीएस झाले. १९२७ मध्ये त्यांनी स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एमडी केले. नंतर इंग्लंडला जाऊन १९३१ मध्ये एफआरसीएस ही शस्त्रक्रियेतील पदवी मिळवली आणि ते मुंबईला परतले. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते मानद प्राध्यापक झाले.

मानद म्हणजे बिनपगारी. त्या काळातले नामवंत डॉक्टर आपला खासगी व्यवसाय सांभाळून सरकारी रुग्णालयात गरिबांवर उपचार करत आणि विद्यार्थ्यांना शिकवत. मुंबईच्या अशा रुग्णालयात गिरणगावापासून कोकणापर्यंतच्या बायका येत. बाळंतपणाच्या अडचणी, खाली आलेले अंग, बंद झालेल्या गर्भनलिका, मूल न होणे, सगळे प्रकार तिथे पाहायला मिळत. शिरोडकरांचे हात शस्त्रक्रियेत कसलेले होते. अंग बाहेर येणाऱ्या स्त्रियांसाठी आणि बंद नलिका उघडण्यासाठीही त्यांनी नव्या पद्धती बसवल्या. पण त्यांचे नाव जगभर गेले ते एका टाक्यामुळे.

त्यांच्याकडे येणाऱ्या काही स्त्रियांची कहाणी सारखीच असे. दिवस राहायला अडचण नाही. पहिले तीन महिने ठीक जातात. चौथ्या ते सातव्या महिन्यात कधीतरी, फारशा कळा न येता, अचानक पाणी जाते आणि थोड्या वेळात बाळ बाहेर येते. बाळ अव्यंग असते, कधी कधी हालचालही करते, पण जगत नाही. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. चार-चार वेळा आणि त्याहून अधिक वेळा असे झालेल्या स्त्रिया त्यांच्यापुढे येत.

घरात अशा बाईची काय अवस्था होते, हे मराठवाड्यात वेगळे सांगायला नको. पोटात गर्भ टिकत नाही म्हणून तिलाच दोष. कुणी बाहेरचे बघायला सांगते, कुणी अंगारा आणून देते. पंचक्रोशीत कुठे ओटी भरायची असली, की तिला बोलावले जात नाही. नवऱ्याची दुसरी करायची बोलणी सुरू होतात. त्या काळात तर कायद्याचीही आडकाठी फारशी नव्हती.

डॉक्टरांकडेही तेव्हा धड उत्तर नव्हते. पूर्ण विश्रांती, जीवनसत्त्वे आणि हार्मोनची औषधे, एवढेच हाती होते. अमेरिकेत आणि युरोपात तर स्टिलबेस्ट्रॉल नावाचे हार्मोन अशा लाखो गरोदर स्त्रियांना दिले जात होते. १९५३ मध्ये शिकागोतील एका मोठ्या चाचणीत त्याचा काहीच उपयोग होत नाही असे दिसले, तरी ते देणे थांबले नाही. पुढे १९७१ मध्ये कळले, की ज्या मुली आईच्या पोटात असताना हे औषध दिले गेले, त्यांच्यापैकी काहींना तरुणपणीच योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग होत होता.

शिरोडकरांनी या स्त्रियांकडे शल्यचिकित्सकाच्या नजरेने पाहिले. सोनोग्राफी तेव्हा नव्हती. गर्भवतीच्या सोनोग्राफीवरचा ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांचा पहिला महत्त्वाचा निबंध १९५८ साली आला. शिरोडकरांजवळ स्वतःची बोटे होती. अशा गरोदर स्त्रीला ते ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा तपासत आणि गर्भाशयाचे आतले तोंड आधीपेक्षा सैल झाले आहे का, हे पाहत. काहींमध्ये ते खरोखरच, कळा नसताना, हळूहळू उघडत असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे दोष गर्भात नव्हता, हार्मोनमध्ये नव्हता आणि बाईच्या नशिबात तर मुळीच नव्हता. पिशवीचे तोंडच वजन पेलत नव्हते.

हे समजायला घरातला बटवा पुरेसा आहे. नाडी घट्ट असेल तर बटवा उलटा धरला तरी आतले पैसे पडत नाहीत. नाडी सैल असेल तर बटवा जड होईल तसे तोंड आपोआप उघडते. गर्भाशयाच्या तोंडाचे काम असेच आहे. नऊ महिने घट्ट मिटून राहायचे आणि कळा सुरू झाल्यावरच उघडायचे. काही स्त्रियांत हे तोंड जन्मतःच कमकुवत असते. काहींमध्ये आधीच्या अवघड बाळंतपणात किंवा पिशवी साफ करताना त्याला इजा झालेली असते. तीन महिन्यांपर्यंत गर्भ लहान असतो, म्हणून काही होत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून वजन वाढते आणि तोंड उघडू लागते.

तोंडात दोष आहे, हा विचार शिरोडकरांच्या आधीही काहींनी मांडला होता. अमेरिकेतील लॅश यांनी १९५० मध्ये तोंडाचा सैल भाग कापून शिवण्याची शस्त्रक्रिया सांगितली, पण ती गर्भ नसताना करायची होती. शिरोडकरांनी गर्भ पोटात असतानाच टाका घालायचे ठरवले. गरोदर बाईच्या पिशवीच्या तोंडाशी सुरी न्यायची, ही कल्पना तेव्हा धाडसाची होती. टाका घालतानाच गर्भ पडला तर दोष डॉक्टरांवर येणार. म्हणून शिरोडकरांनी आपले काम किमान चार वेळा गर्भ गमावलेल्या आणि तोंड सैल असल्याचे तपासणीत सिद्ध झालेल्या स्त्रियांपुरते मर्यादित ठेवले.

त्यांची पद्धत नाजूक होती. योनिमार्गातून गर्भाशयमुखावरचे आवरण थोडे उघडायचे, मूत्राशय हलकेच वर सारायचे आणि आतल्या तोंडाच्या पातळीवर, आवरणाखालून, भोवताली पट्टी फिरवून बांधायची. त्यासाठी त्यांनी सुरुवातीला त्याच स्त्रीच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूचा चिवट तंतुमय पडदा वापरला. त्याची अरुंद पट्टी कापून तीच नाडी म्हणून घातली. शरीराचीच वस्तू असल्याने शरीर तिला परके मानणार नाही, हा त्यामागचा विचार होता. नंतरच्या काळात पॉलिएस्टरच्या टेपने तिची जागा घेतली.

ही शस्त्रक्रिया शिरोडकरांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. निबंध छापून आला तो मद्रासहून निघणाऱ्या अँटिसेप्टिक या भारतीय वैद्यकीय मासिकात. तरी ही पद्धत काही वर्षांतच जगभर पसरली. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या इयान मॅक्डोनाल्ड यांनी ७० स्त्रियांचा अनुभव मांडत सोपा टाका सांगितला. त्यात आवरण उघडावे लागत नाही, मूत्राशय सारावे लागत नाही. तोंडाभोवती बटव्याच्या नाडीसारखा धागा ओवून गाठ मारायची. आज अनेक ठिकाणी हाच सोपा टाका घातला जातो. शिरोडकरांचा टाका अधिक वर, आतल्या तोंडाजवळ बसतो, म्हणून काही निवडक स्त्रियांसाठी तोच पसंत केला जातो.

त्यांच्या कामाचे मोल कळण्यासाठी त्या काळी अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे काय होत असे, हे आठवावे लागेल. १९५५ मध्ये नांदेड आणि लातूर हे दोन्ही भाग हैदराबाद राज्यात होते. बाळंतपणे घरात, सुईणीच्या हातून होत. सातव्या महिन्यात जन्मलेले बाळ कापसात गुंडाळून चुलीजवळच्या उबेत ठेवत. पण साधने असलेल्या देशांतही चित्र फार वेगळे नव्हते. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंहून थोडे जास्त होते. त्याची फुफ्फुसे नीट उघडत नव्हती. देशातले उत्तम डॉक्टर दिमतीला होते, तरी तो दोन दिवसांत गेला. आज असे बाळ जिल्ह्याच्या ठिकाणच्या नवजात कक्षात बहुधा वाचते.

फुफ्फुसे उघडी ठेवणारा सर्फॅक्टंट नावाचा द्रव या बाळांत कमी असतो, हे १९५९ मध्ये अमेरिकेतील मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिले. नाकातून सतत दाबाने हवा देण्याची सी-पॅप पद्धत १९७१ मध्ये जगापुढे आली. आईला प्रसूतीआधी स्टिरॉइडची इंजेक्शने दिली, की बाळाची फुफ्फुसे लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये सिद्ध केले. बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात सुरू झाली. सर्फॅक्टंट औषध म्हणून फुफ्फुसात सोडून बाळे वाचल्याचे जपानच्या फुजिवारा यांनी १९८० मध्ये दाखवले. शिरोडकरांनी टाका घातला तेव्हा यांपैकी काहीही नव्हते. बाळ पोटातच टिकवणे, एवढा एकच खरा उपाय होता.

शिरोडकरांना मानसन्मान मिळाले. १९६० मध्ये पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी स्त्रीरोगशास्त्रातील त्यांच्या कामाचे इंग्रजी पुस्तक ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले. एकीकडे मूल टिकत नसलेल्या स्त्रियांसाठी ते टाका घालत होते आणि दुसरीकडे कुटुंबनियोजनाच्या कामातही त्यांचा सहभाग होता. हवे असलेले मूल जगावे आणि नको तेव्हा गर्भ राहू नये, या दोन्ही गोष्टी बाईच्या जिवाशी जोडलेल्या आहेत. १९७१ मध्ये त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले आणि त्याच वर्षी ७ मार्चला त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात टाक्याचे नाव झाले, तसा त्याचा अतिवापरही झाला. एकदा गर्भपात झाला, घाला टाका. जुळे आहे, घाला टाका. कुणाची ओळखीतली बाई टाक्यामुळे तरली, म्हणून आम्हालाही घाला. खुद्द शिरोडकरांनी ठेवलेली काटेकोर निवड मागे पडली. मग टाका खरोखर किती उपयोगी आहे, हे पाहण्यासाठी ब्रिटनच्या पुढाकाराने अनेक देशांत मिळून एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. टाका घालावा की नाही याबद्दल डॉक्टरांच्याच मनात शंका होती, अशा १,२९२ स्त्रिया त्यात होत्या. साधारण २५ जणींना टाका घातला तर एकीचा ३३ आठवड्यांपूर्वीचा बाळंतपणाचा धोका टळत होता. पण ज्यांची तीन किंवा अधिक बाळंतपणे वेळेआधी झाली होती, त्यांच्यात फरक ठळक होता. टाका न घातलेल्यांत ३२ टक्के स्त्रिया ३३ आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या, टाका घातलेल्यांत १५ टक्के. शिरोडकरांनी जिथे रेघ ओढली होती, तिच्याजवळच हा निकाल आला.

आज निवड अधिक नेमकी करता येते. ज्या स्त्रीचे आधीचे बाळंतपण वेळेआधी झाले आहे, तिच्या गर्भाशयमुखाची लांबी योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीने मोजतात. २४ आठवड्यांच्या आत ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर टाक्याचा किंवा प्रोजेस्टेरॉनचा विचार होतो. पूर्वेतिहास ठळक असेल तर गर्भ नीट असल्याची सोनोग्राफीत खात्री करून १२ ते १४ आठवड्यांच्या सुमारास टाका घालतात आणि ३६ ते ३७ आठवड्यांना काढतात. कळा सुरू झाल्या, पाणी गेले किंवा रक्तस्राव होऊ लागला, तर टाका त्याआधीही काढावा लागतो. टाका घातलेल्या बाईने हे लक्षात ठेवून लगेच रुग्णालय गाठले पाहिजे. नुसते महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहिल्याने गर्भ टिकतो, याला मात्र पुरावा नाही.

टाका सगळ्यांसाठी नाही. रक्तदाब वाढणे, रक्त कमी असणे, लघवीचा जंतुसंसर्ग, कोवळ्या वयातले गरोदरपण, दोन बाळंतपणांत कमी अंतर, जुळे, अशा अनेक कारणांनी बाळ लवकर येते. त्यांवर टाक्याचा उपयोग नसतो, त्या कारणांवरच उपचार करावे लागतात. आणि सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे नाही, हा घरोघरचा समजही खरा नाही. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाची जगण्याची शक्यता वाढवतो. २८ आठवड्यांचे बाळ साधारण किलोभर वजनाचे असते. त्याला श्वासाचे यंत्र लागते, मेंदूत रक्तस्रावाचा धोका असतो, डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो. तेच बाळ ३४ आठवडे राहिले, तर यांतले बरेच काही टळते.

जगात २०२० मध्ये सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे ३७ आठवड्यांच्या आत जन्मली. त्यांपैकी ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात. नांदेडला १९८८ मध्ये आणि लातूरला २००२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. आता किनवट-माहूरपासून देगलूरपर्यंत आणि उदगीर-जळकोटपासून निलंग्यापर्यंतची बाळे या दोन शहरांत येतात. किनवटहून नांदेडला यायचे तर सव्वाशे किलोमीटरहून जास्त अंतर कापावे लागते. एवढ्या प्रवासात किलोभराच्या बाळाचे अंग थंड पडते आणि ते दगावू शकते. बाळ पोटात घेऊन आलेली आई हा त्याचा सर्वांत सुरक्षित प्रवास.

म्हणूनच आधीच्या बाळंतपणाची नोंद इतकी मोलाची ठरते. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी बाई दिवाळीनंतर गाव सोडते. पहिली तपासणी गावाकडे, दुसरी कारखान्याच्या भागात, बाळंतपण माहेरी किंवा मिळेल तिथे. कागद कुठेतरी हरवतात. बाळ गेले, एवढेच तोंडी उरते. कितव्या आठवड्यात गेले, आधी कळा आल्या की पाणी गेले, बाळ जिवंत जन्मले का, वजन किती होते, ही माहिती पुढच्या डॉक्टरला मिळत नाही. ती मिळाली नाही तर टाक्याची गरज आहे का, हे ठरवता येत नाही. मग पाचव्या महिन्यात पुन्हा पाणी जाते.

नवजात कक्षातून बाळाला घरी सोडताना वजन, लस, डोळ्यांची तपासणी आणि पुढची तारीख लिहून देतात. त्याच दिवशी आईच्या कागदावरही या चार गोष्टी लिहून घ्याव्यात आणि तो कागद जपून ठेवावा. बाळ वाचले नसेल तर अधिकच जपावा. पुढच्या वेळी दिवस राहिल्याचे कळताच, तीन महिने पूर्ण व्हायच्या आत, तो घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. शिरोडकरांनीही टाका घालण्याआधी या स्त्रियांची आधीची बाळंतपणे नीट विचारून घेतली होती आणि कुणाला टाका घालायचा, हे त्यावरून ठरवले होते.